स्थळाचा अस्सलपणा आणि काळाचे विस्मरण

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वेस्टर्न मालिकांच्या अस्सलपणाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : कथेतील स्थळ आणि चित्रीकरणाचे स्थळ एकच आहे काय? या कसोटीवर ‘गनस्मोक’ (१९५५–१९७५) ही मालिका सहज उणी ठरते. तिचे कथास्थळ कॅन्झसमधील डॉज सिटी, म्हणजे सपाट गवताळ मैदानाचा प्रदेश. चित्रीकरण मात्र मुख्यतः कॅलिफोर्नियात झाल्यामुळे घोडेस्वारांच्या पाठीमागे डोंगर उभे राहतात. उलट ‘बोनान्झा’ (१९५९–१९७३) नेवाडातील कार्टराइट कुटुंबाची कथा सांगते आणि, पुष्कळसे चित्रीकरण स्टुडिओतले असले तरी, टाहो सरोवराचा प्रत्यक्ष परिसर रंगीत दृश्यांतून दाखवते. तिच्या अस्सलपणाविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका उरत नाही.

परंतु स्थळ केवळ भूगोलाने सिद्ध होत नाही; ते काळानेही घडत असते. १८५९ मध्ये कॉमस्टॉक येथे चांदीचा साठा सापडला आणि व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. तेथील खडक ठिसूळ असल्याने खाणी खचत. १८६० मध्ये फिलिप डाइडशायमर या जर्मन अभियंत्याने जाड तुळयांच्या चौकटी एकावर एक रचून खाणीला आधार देण्याची पद्धत शोधली. या चौकटींसाठी आणि जळणासाठी टाहोच्या खोऱ्यातील पाइनची अरण्ये पुढील काही दशकांत प्रचंड प्रमाणावर तोडली गेली. मालिकेच्या कथेचा काळ १८६० च्या दशकाचा. पण पडद्यावर त्या काळचे म्हणून दिसणारे अरण्य बव्हंशी या तोडीनंतर पुन्हा उगवलेले आहे. स्थळ खरे असल्यामुळेच मधल्या विध्वंसाची शंकाही प्रेक्षकाला येत नाही.

हे अज्ञानातून घडले असेही म्हणता येत नाही. १९५९ मध्येच या मालिकेने डाइडशायमरवर एक भाग सादर केला होता. म्हणजे लाकडाचा इतिहास संहितेला ठाऊक होता. दृश्याने तो पुसला. हीच गोष्ट वॉशो लोकांची. टाहोचा परिसर त्यांची मूळ भूमी. ‘टाहो’ हे नावही त्यांच्या भाषेतील सरोवरवाचक शब्दावरून आलेले. शीर्षकदृश्यात जळत जाणारा नकाशा मात्र ती भूमी कार्टराइटांची पॉन्डेरोसा म्हणून मांडतो. १९६७ मध्ये सरोवराकाठी इन्क्लाइन व्हिलेज येथे कार्टराइटांच्या घराची प्रतिकृती असलेले पर्यटनस्थळ सुरू झाले आणि ते २००४ पर्यंत चालले. कल्पित कुटुंबाला अशा रीतीने प्रत्यक्ष पत्ता मिळाला.

‘गनस्मोक’मधील चुकीचे डोंगर निदान आपण रंगमंच पाहत आहोत याची आठवण जागी ठेवतात. ‘बोनान्झा’ तशी फट ठेवत नाही. तेव्हा चित्रीकरण कोठे झाले या प्रश्नाला, त्या भूमीच्या इतिहासातील कोणता काळ दृश्यातून वगळला गेला, या प्रश्नाची जोड दिल्याशिवाय अस्सलपणाची समीक्षा अपुरीच राहील.