मुळीची गोळी झाली तेव्हा

औषधांच्या दुकानात माझं सगळं आयुष्य गेलं. एके काळी आमच्या काउंटरवर अ‍ॅडेल्फेन-एसिड्रेक्सची चिठ्ठी हमखास यायची. त्या गोळीत रेसरपिन असायचं, सर्पगंधेच्या मुळीतलं. त्याच्या इतिहासातलं मुंबईचं पान बीपीच्या प्रत्येक रुग्णाने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

झोप यावी, वेड शमावं म्हणून ही मुळी आपल्याकडे पूर्वापार दिली जाई. ती रक्तदाबही उतरवते, हे 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं. परदेशात त्याची दखल कुणी घेतली नाही. 1945 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा दाब चढाच असे, पण डॉक्टरांच्या हाती गुणकारी औषध नव्हतं.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दाब चढलेले 50 रुग्ण निवडले आणि हीच मुळी देण्याआधी, चालू असताना आणि थांबवल्यावरही त्यांचा दाब मोजून नोंदवला. 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध आला आणि बोस्टनच्या डॉक्टरांनी मुळी वापरून पाहिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने रेसरपिन वेगळं केलं. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं असतं. रेसरपिन तो साठा होऊ देत नाही. वाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते. पण मेंदूतलाही साठा आटतो, नाक चोंदतं, काहींना उदासी घेरते. म्हणून ते मागे पडलं. आजची अ‍ॅम्लोडिपिन वाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, तर टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला अडवते.

गोळी कुणी घ्यायची, याचा निवाडाही मोजूनच झाला. 1967 मध्ये अमेरिकेत खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 माजी सैनिकांची चाचणी प्रसिद्ध झाली. रेसरपिनसह तीन औषधं घेणाऱ्यांपेक्षा नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर आघात कितीतरी जास्त झाले. आज वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब 140/90 किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाब मानतात. हृदयविकार असेल तर 130 वरही औषधाचा विचार होतो.

‘डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?’ असं विचारणारे मला रोज भेटत. वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही, आणि नॉर्मल आलेला आकडा बहुतेकदा गोळीमुळेच आलेला असतो. ती आपल्या मनाने सोडू नका. कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना मोजून ठरवू द्या.