ऊन टाळावे तर अंधार

वैशाखातल्या दुपारी नायगावहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, की जुन्या मराठी गद्यातील एक गोष्ट पुस्तकापेक्षा अधिक चांगली उमगते. पायी चालणाऱ्या माणसाला दिवसाचे सगळे प्रहर सारखे नसतात. उन्हाचे प्रहर वर्ज्य करावेत तर वाट अंधारात कापावी लागते. आणि अंधारातली वाट सापाची, श्वापदाची, वाटमाऱ्याची असते. एका भयाचा उपाय हेच दुसऱ्या भयाचे निमंत्रण. प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना आपण भूगोल, समाज, भाषा हे सारे तपासतो. हा पेच मात्र सहसा आपल्या नजरेतून निसटतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ घ्या. गोदावरीकाठच्या विहरणाचा हा ग्रंथ दैनंदिनीसारखा वाचता येतो. पूजावसर, आरोगण, पहुड, उपहुड हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात. वर्गात आपण त्यांचे अर्थ सांगून पुढे जातो. वस्तुतः त्यांच्या क्रमात दिवसाची एक शिस्त आहे: सकाळचा वेळ चालण्याचा, जेवणानंतरचा विसाव्याचा. लीळा घडतात त्या जागाही पाहाव्यात. देवळाचा चौक, मढ, गुंफा, नदीचा काठ, एखाद्या झाडाचे तळ. बहुतेक ठिकाणी सावली आहे. स्थानपोथी या जागा इतक्या काटेकोरपणे का नोंदवते, याचे सांप्रदायिक उत्तर उघड आहे. स्वामींच्या चरणांनी पावन झालेले स्थळ वंदनीय. त्या उत्तराला बाध न आणता एवढे म्हणता येईल, की हा मराठवाड्यातील सावलीचाही एक नकाशा आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरात भर दुपारी शिरले, की दगडी सभामंडपाचा गारवा अंगाला लागतो आणि हे विधान पटते.

श्वापदांविषयी हा ग्रंथ काय सांगतो? शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला अभय देतात, ही लीळा सर्वपरिचित आहे. वनात भय श्वापदांचे असते, हे गृहीतकच तिथे उलटे होते. शिष्यांना झाडाच्या मुळाशी, देशाच्या कडेला राहण्याची आज्ञा होती. ती वाचताना आपण वैराग्य पाहतो. त्या मुळाशी रात्री काय असू शकते, हे पाहत नाही. कानड व तेलंग देशात जाऊ नये, ही आज्ञाही प्रसिद्ध आहे. नायगावकराला ती जरा खट्याळ वाटावी, कारण तेलंगणाची हद्द येथून पायी एखाद्या दिवसाची. त्या आज्ञेमागे मात्र वाघ वा ऊन नसून विषयसुखांचे भय होते.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये चित्र बदलते. १८५७ मध्ये वरसईहून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक सातपुडा ओलांडून उत्तरेत जातो, झाशीच्या वेढ्यात सापडतो, मिळवलेले लुटले जाते आणि गंगेची कावड तेवढी घेऊन घरी परततो. (चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक संस्कारून छापले. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये वाचकांपुढे आला.) या पुस्तकात रानाहून माणसाचे भय मोठे आहे, आणि ते दिवसाही आहे.

वाटसरूची साधने साधी होती: डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडे, हातात घुंगुरकाठी. मुंडाशाचे काम वेगळे सांगायला नको. घोंगड्यावर साप येत नाही, ही समजूत निराधार आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही. तिथे जाजम काय नि घोंगडे काय. घुंगुरकाठीचे श्रेय मात्र घुंगरांपेक्षा काठीला द्यावे. सापाला बाह्यकर्ण नसतो. जमिनीचा कंप त्याला चांगला जाणवतो, म्हणून आपटत नेलेली काठी त्याला बाजूला होण्याची संधी देते.

हे सारे जुने झाले असे मानण्याची घाई आपण साहित्याचे लोक करतो, कारण आपला प्रवास मोटारीतून होतो. मुखेड-कंधारच्या बालाघाटी गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी निघतात. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, ऊन चढण्याआधी जमेल तितके तोडायचे, रात्री पाचटाच्या कोपीत मुलांसह झोपायचे. जुन्नर भागात त्याच उसात बिबट्या राहतो, वितो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की २००१ पासून तेथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्यास आरंभ झाल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. संरक्षणाचा उपाय म्हणून जे केले, त्यानेच संकट वाढवले.

टोळीतली बाई उसाच्या पाल्यावर पोर निजवून कोयता चालवते, तेव्हा म्हाइंभटांच्या ‘पहुड’ या शब्दाला जो अर्थ येतो तो आपल्या शब्दकोशांत नाही. तिच्या प्रवासाची पोथी कोणी लिहिलेली नाही. फडात सावली कुठे होती, पाणी कुठे होते आणि बिबट्या कोणत्या बांधावर दिसला, हे टोळीतली माणसे परत आल्यावर एकमेकांना तोंडीच सांगतात.