हाडांच्या आतली लिपी

मांडीच्या हाडाचा खुब्यात बसणारा भाग उभा चिरला, तर आत भरीव हाड दिसत नाही. दिसते ती बारीक अस्थिपट्ट्यांची जाळी. पण ही जाळी स्पंजासारखी अस्ताव्यस्त नसते. तिच्यातल्या काही पट्ट्या आतल्या बाजूने उठून थेट खुब्याच्या गोळ्याकडे जातात, तर काही बाहेरच्या बाजूने निघून कमानीसारख्या वळत त्यांना छेदतात. ही रचना डोळ्यांना दिसणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. तिच्या वाचनाचा इतिहास मला एखाद्या संहितेच्या टीकापरंपरेइतकाच उद्बोधक वाटतो, त्यातल्या प्रमादांसकट.

१८६६ साली झुरिचमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी असे छेद विद्वानांपुढे ठेवले. श्रोत्यांत कार्ल कुलमान होते. पूल आणि इमारती यांच्यातले ताण-दाब रेखाकृतींनी सोडवण्याची पद्धत घडवणारे हे अभियंते. त्यांना त्या पट्ट्यांत आपल्या यारीतल्या बलरेषा दिसल्या. कुलमान आनंदाने ओरडून उठले ही आख्यायिका डार्सी टॉमसन यांच्या १९१७ च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली, आणि विज्ञान व अभियांत्रिकी यांच्या या अवचित भेटीचे मोहक चित्र आजही पाठ्यपुस्तकांत मिरवते. त्यात एक गोष्ट मात्र झाकली जाते. तुलनेसाठी पुढे आलेली यारी कोण्या बंदरावर उभी नव्हती. कुलमान यांनी मांडीच्या हाडाचीच बाह्यरेषा आणि त्यावर पडणारा भार गृहीत धरून आपल्या विद्यार्थ्यांकडून ती काढवून घेतली होती. म्हणजे साम्य निखालस खोटे नव्हे. पण ते काही अंशी आपणच मांडून ठेवलेले होते. समीक्षकाला हा अनुभव अपरिचित नसावा.

या साम्यावर बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी आयुष्य खर्ची घातले. हाडाचे कार्य बदलले की त्याची आतली रचना आणि मग बाह्य आकारही निश्चित गणिती नियमांनुसार बदलतो, हा त्यांचा सिद्धान्त १८९२ च्या ग्रंथात आहे. यातले निरीक्षण टिकले, गणित टिकले नाही. कुलमान यांची आकृती एकसंध घन पदार्थाची होती. हाडाची जाळी तशी नसते आणि तिच्या पट्ट्या सर्वत्र काटकोनातच छेदतात असेही नाही. तरीही ‘वोल्फचा नियम’ हे नाव रूढ झाले ते झालेच. ‘नियम’ म्हटले की शंका घेणाराच अपराधी ठरतो.

निरीक्षण का टिकले, याचे हृद्य उदाहरण एका बोकडाचे आहे. पुढच्या पायांवाचून जन्मलेला हा प्राणी मागच्या दोन पायांवर उड्या मारत सुमारे वर्षभर जगला आणि अपघातात मेला. डच शास्त्रज्ञ स्लाइपर यांनी १९४२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा पाठीचा कणा, छातीचा पिंजरा आणि कटिभाग यांनी वेगळीच वळणे घेतली होती. वंश बोकडाचाच, चाल मात्र दुसरी. हाडांनी वंशाबरोबर चालीचेही ऐकले. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा लक्षणीय जाड भरते, त्याचेही मर्म हेच.

अडचण उरते ती इथेच. हाडात दोन हस्ताक्षरे मिसळलेली असतात, एक वारशाचे आणि एक वापराचे. जिवंत प्राण्याची चाल आपण पाहू शकतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्याची नाही. स्पायनोसॉरस या डायनासोरची हाडे दाट आहेत, म्हणून तो पाण्याखाली बुडून शिकार करत असावा, असे २०२२ साली मांडले गेले. २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्या निष्कर्षामागची मोजणी आणि संख्याशास्त्र दोन्ही सदोष ठरवले. हाड तेच, अर्थ दोन. केवळ दाटपणावरून पोहणे सिद्ध करण्याची घाई मला वोल्फ यांच्या गणिताची आठवण करून देते.

याउलट इंडोह्यूस. जम्मूच्या कालाकोट परिसरात सापडलेला, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरांचा प्राणी. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले खडक त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने हान्स थेविसन यांच्या हवाली केले. ते साफ करताना एका सहायकाच्या हातून कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला, आणि आत देवमाशांच्या कुळाची खूण असलेली जाड भिंत दिसली. पायांची हाडे कापून पाहिली, तर त्यांच्या भिंती जाड आणि मज्जेची पोकळी अरुंद होती. पाण्यात तळावरून चालणाऱ्याला तरंगू न देणारे हे वजन. २००७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा थेविसन आणि त्यांचे भारतीय सहकारी केवळ या जाडीवर विसंबले नव्हते. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही पाण्यातल्या वास्तव्याचीच साक्ष दिली होती. देवमाशाच्या भाऊबंदांपैकी एक चार पायांनी ओढ्यात उतरत होता, हे राव यांच्या खडकांत कितीतरी वर्षे बंद होते.