हसणाऱ्याची साक्ष : 'टिकल्ड'च्या निमित्ताने

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. हास्याच्या विभावांत विकृत वेष, धार्ष्ट्य, असंबद्ध बडबड यांच्याबरोबर 'कुहक' हा शब्द येतो. त्याचा एक अर्थ गुदगुल्या असा लावतात. एरवी संस्कृतात हा शब्द कपट, फसवणूक या अर्थाने रूढ आहे. 'टिकल्ड' (२०१६) हा न्यूझीलंडचा माहितीपट पाहताना हे दोन्ही अर्थ एकदम आठवतात.

डेव्हिड फॅरिअर हा ऑकलंडचा दूरचित्रवाणी पत्रकार. विक्षिप्त, गमतीदार बातम्या हा त्याचा प्रांत. २०१४ मध्ये त्याच्या पाहण्यात गुदगुल्यांच्या 'स्पर्धे'च्या चित्रफिती आल्या. धडधाकट तरुणांना विमानभाडे, निवास आणि मानधन देऊन लॉस एंजेलिसला बोलवायचे, एकाला बांधायचे आणि इतरांनी त्याला गुदगुल्या करायच्या, असे त्याचे स्वरूप. फॅरिअरने मुलाखतीसाठी विचारणा केली. 'जेन ओब्रायन मीडिया' या कंपनीचे उत्तर आले ते त्याच्या लैंगिकतेवर घसरणारे. पाठोपाठ वकिली धमक्या आल्या आणि कंपनीचे तीन प्रतिनिधी थेट ऑकलंडला येऊन थडकले. क्षुल्लक खेळाच्या बचावासाठी एवढा खर्च कोण आणि का करते, या प्रश्नातून फॅरिअर आणि त्याचा सहदिग्दर्शक डिलन रीव्ह यांचा शोध सुरू होतो.

हा शोध १९९० च्या दशकापर्यंत मागे जातो. इंटरनेट नवे असताना 'टेरी डिसिस्टो' नावाची एक विद्यार्थिनी तरुणांकडून गुदगुल्यांच्या चित्रफिती मागवी आणि त्याबद्दल पैसे वा वस्तू पाठवी. कोणी संबंध तोडला की त्याच्यावर सूड उगवला जाई. ही विद्यार्थिनी अस्तित्वातच नव्हती. त्या नावामागे डेव्हिड डी'अमॅटो हा न्यूयॉर्क राज्यातील शाळेचा प्रशासक होता. २००१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. जेन ओब्रायन या नव्या नावामागेही तोच आहे आणि वडिलोपार्जित संपत्तीवर हा कारभार चालतो, असा माहितीपटाचा निष्कर्ष आहे.

२००१ ची शिक्षा कशासाठी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ती विद्यापीठांच्या संगणकयंत्रणा ई-पत्रांच्या भडिमाराने बंद पाडल्याबद्दल होती. कायद्याला यंत्राची हानी दिसली. ज्या मुलांना लक्ष्य करून तो भडिमार झाला त्यांची हानी मोजण्याचे माप त्याच्यापाशी नव्हते. पुढच्या काळात छळाचे साधनही बदलले. चित्रफीत काढून टाका म्हणणाऱ्या तरुणाची तीच चित्रफीत त्याच्या नावानिशी सर्वत्र पसरवली जाई, त्याच्या वरिष्ठांना पत्रे जात. छळणाऱ्याला नवे काही घडवावे लागत नव्हते. त्या तरुणाचे हसू हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता.

माणूस हा हसणारा एकमेव प्राणी आहे आणि गुदगुल्याही त्यालाच होतात, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले होते. मात्र गुदगुल्यांनी येणारे हसू आनंदाचे असेलच असे नाही. शरीर हसत असताना मन सुटकेची याचना करीत असू शकते. पाहणाऱ्याला मात्र केवळ हसू दिसते. म्हणूनच हा छळ इतकी वर्षे कोणाच्या नजरेत भरला नाही. 'गुदगुल्या केल्या, त्यात काय एवढे?' या प्रश्नापुढे तक्रार करणाराच हास्यास्पद ठरतो.

दिग्दर्शकांनी एक विवेक सांभाळला आहे. फ्लोरिडामध्ये अशाच चित्रफिती उघडपणे, संमतीने बनवणारा एक व्यावसायिक त्यांनी दाखवला आहे. त्यामुळे आवड विचित्र असणे आणि वागणूक अत्याचारी असणे यांतील सीमारेषा स्पष्ट होते. याउलट मिशिगनमधील मस्कीगन या गावी पैशांची चणचण असलेल्या मुलांना या चित्रीकरणासाठी गोळा केले जाई. संमती होती, परंतु कशाला संमती देतो आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. ज्या नावाशी करार करायचा ते नावच खोटे असेल, तर त्या संमतीला अर्थ काय उरतो?

माहितीपटाच्या पद्धतीवर आक्षेप घेता येतो. आरोपीवर पाळत ठेवणे, त्याला रस्त्यात गाठणे, हे लपलेल्याला उघडे करण्याचेच तंत्र आहे, आणि छळणाऱ्याचे तंत्रही वरवर तेच होते. फरक असा, की फॅरिअर आणि रीव्ह हे काम स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने करतात. उलट प्रश्न आणि दावे यांना सामोरे जातात. टोपणनावाची सवय असलेल्या साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद परिचित असावा. टोपणनाव लेखकाला मोकळे करते, पण लिहिल्याची जबाबदारी शेवटी कोणीतरी घ्यावी लागते.

डी'अमॅटोचे २०१७ मध्ये निधन झाले. या दुसऱ्या पर्वाचा निवाडा न्यायालयात व्हायचा तो झालाच नाही. ज्यांच्या नावाला चिकटलेल्या चित्रफिती अद्याप कोठेतरी शिल्लक असतील, त्यांच्यापाशी निकालपत्र नाही. त्यांचे म्हणणे गांभीर्याने नोंदवणारा दस्तऐवज म्हणजे हा एक माहितीपट, आणि तो पाहायला बसताना प्रेक्षक आरंभी हसलेलाच असतो.