मोटार म्हातारी कधी होते? नागपूरच्या जुन्या मारुती ८००ची गोष्ट

१/ नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून सकाळी फेरफटका मारला, तर एखाद्या फाटकाआड कापडी आच्छादनाखाली उभी असलेली मारुती ८०० आजही दृष्टीस पडते. पाटीवर ‘एमएच ३१’. दवाखाना, लग्नकार्य, रेल्वे स्टेशन, एवढाच तिचा संचार. ही गाडी ‘म्हातारी’ झाली, असे नेमके कोणी ठरवले? या धाग्यात त्याचा शोध घेऊ.

२/ प्रारंभ १९८०च्या दशकात होतो. तोवर मध्यमवर्गासमोर पर्याय मुख्यतः दोनच होते : अँबॅसेडर आणि पद्मिनी. फेब्रुवारी १९८१मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९८२मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ल्या दिल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे इंजिन आणि किंमत सुमारे पन्नास हजार रुपये.

३/ नागपूर १९५६पर्यंत राजधानीचे शहर होते. राजधानी गेली, तरी कचेऱ्या राहिल्या. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, रेल्वे, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय अशा ठिकाणच्या पगारदार कुटुंबांना परवडू शकेल, अशी ही गाडी होती. पहिल्या मालकाने मोठी गाडी घेतली, की ८०० दुसऱ्या आणि मग तिसऱ्या घरी जाई. नव्या गाडीचे हप्ते ज्यांना झेपत नसत, त्यांच्या दारात चारचाकी आली ती अशी, वापरलेली.

४/ एप्रिल २०१०पासून देशातील निवडक मोठ्या शहरांत भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि तेथे ८००ची विक्री थांबली. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. येथे ही गाडी पुढेही विकली जात राहिली. जानेवारी २०१४मध्ये तिचे उत्पादनच बंद झाले. म्हणजे शेवटच्या तुकडीतील गाड्या २०२९च्या सुमारास पंधरा वर्षांच्या होतील.

५/ पंधराच का? कारण हा आकडा कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ४१नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. गाडीचे वय कायदा मोजतो ते कॅलेंडरवर. ती किती किलोमीटर चालली, हे त्या मोजणीत येत नाही.

६/ यंत्र मात्र वेगळ्या हिशेबाने झिजते. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो. समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात पत्रा तुलनेने टिकतो. पण मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात रबरी नळ्या कडक होतात, डॅशबोर्ड तडकतो, बॅटरीतील पाणी आटते. येथील मिस्त्री उन्हाळ्याच्या तोंडावर रेडिएटर आणि नळ्या आधी पाहतो. इंजिनाची वेळ नंतर येते.

७/ १८ मार्च २०२१ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत वाहन मोडीत काढण्याचे धोरण मांडले. ते नागपूरचेच खासदार, हा योगायोग लक्षात राहणारा आहे. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये ठरले.

८/ आता साधे गणित करा. समजा, एका जुन्या गाडीची बाजारातील किंमत ४० हजार आहे आणि दुसऱ्या, तितक्याच वयाच्या महागड्या गाडीची १० लाख. वीस वर्षांनंतर शुल्क दोघींना सारखेच. पहिलीच्या बाबतीत ते किमतीचा चौथा हिस्सा होते, दुसरीच्या बाबतीत शंभरावा. स्वस्त गाडीचे आयुष्य अनेकदा येथेच संपते. इंजिन धडधाकट असतानाही.

९/ दुसरी बाजू नाकारता येत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा धूर अधिक असतो आणि तिच्यात एअरबॅग नसते. रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या श्वासाचा आणि जिवाचा तो प्रश्न आहे. परंतु आठवड्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी यांचा धूर वर्षअखेर सारखा नसतो. वय हे मोजायला सोपे माप आहे. सर्वांत न्याय्य माप तेच आहे का, हा वाद खुला आहे.

१०/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपले काम या वादाच्या अलीकडचे आहे. घरात जुनी गाडी असेल, तर तिचे आरसी बुक उघडा. नोंदणीची तारीख, मालकांची बदललेली नावे, बँकेच्या कर्जाचा शिक्का, नूतनीकरणाच्या नोंदी... एका कुटुंबाची आर्थिक कहाणी त्या चार पानांत असते. गाडी मोडीत निघेल, तेव्हा हे कागदही तिच्यासोबत जातील. त्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि ती गाडी घरी कशी आली, हे आईवडिलांना विचारून लिहून ठेवा.