माध्यमिक शिक्षणाचे माध्यम आणि विद्यार्थ्याचे समाधान

१

शिक्षणाच्या इतिहासात शाळा काढणारे दिसतात, त्यांना अनुदान देणारे दिसतात, अभ्यासक्रम आखणारेही दिसतात. ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप झाला तो विद्यार्थी मात्र त्यात क्वचितच बोलताना आढळतो. शाळेत काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे त्याला कोणी फारसे विचारले नाही. आत्मचरित्रांतून त्याचा आवाज ऐकू येतो खरा. पण आत्मचरित्रे बहुधा परीक्षेच्या पलीकडे गेलेल्यांनी लिहिली. मध्येच शाळा सोडलेल्यांची साक्ष त्यांत नाही. म्हणून समाधानाचा इतिहास लिहावयाचा तर तो आडवळणानेच लिहावा लागतो. शाळेची रचना, परीक्षेचे नियम आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेले शब्द ही त्याची साधने होत.

विद्यार्थ्याचे समाधान तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे या साधनांवरून दिसते. शिकविलेले समजले पाहिजे, समजलेले परीक्षेत दाखविता आले पाहिजे, आणि दाखविलेले पुढील आयुष्यात उपयोगी पडले पाहिजे. मुंबई इलाख्यात या तीन गोष्टींची फारकत कशी झाली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

माध्यमाचा वाद विश्वविद्यालयाहून जुना आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शिक्षणमंडळात तो उघडपणे झडला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली. जर्व्हिस यांचे म्हणणे केवळ तत्त्वाचे नव्हते. गणितासारखा विषय मराठीत शिकविता यावा म्हणून पुस्तके तयार करण्याचे काम त्यांनी स्वतः केले होते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने उभयपक्षी तोड काढली. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून, अशी ती वाटणी होती. माध्यमिक शाळा या दोहोंच्या मध्ये सापडली.

१८५७ मध्ये मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक होत. या परीक्षेने माध्यमिक शाळेचे स्वरूप ठरविले. विश्वविद्यालयाच्या दारावरची परीक्षा ही शाळेची अखेरची परीक्षा झाली आणि त्या दाराची भाषा हीच शाळेची भाषा झाली.

३

या व्यवस्थेत मराठी मुलापुढे दोन शिड्या उभ्या राहिल्या. मराठी सात इयत्ता पुऱ्या करून ‘व्हर्नाक्युलर फायनल’ची परीक्षा देणे ही एक. मराठी चार इयत्तांनंतर इंग्रजी शाळेत जाऊन इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, पोहोचणे ही दुसरी. पहिल्या शिडीवरच्या मुलाला भूगोल, अंकगणित, इतिहास हे सर्व आपल्या भाषेत मिळे. पण ती शिडी प्राथमिक शिक्षकाच्या किंवा गावकामगाराच्या जागेपाशी थांबे. दुसरी शिडी कचेऱ्यांकडे, वकिलीकडे आणि विश्वविद्यालयाकडे जाई. पण तिची प्रत्येक पायरी परक्या भाषेची होती. एकीकडे समजण्याचे समाधान होते, दुसरीकडे उपयोगाचे. दोन्ही एकत्र मिळण्याची सोय नव्हती.

शब्दांची साक्ष येथे उपयोगी पडते. ‘घोकणे’ हा पाठशाळेतील जुना शब्द. संथा घेऊन घोकणे हा तेथे विद्येचा मान्य मार्ग होता आणि त्यात निंदा नव्हती. ‘घोकंपट्टी’ या शब्दात मात्र नुसता तिरस्कार आहे. शिक्षकाने मराठीत समजावयाचे आणि विद्यार्थ्याने उत्तर इंग्रजीत पाठ करावयाचे, अशा वर्गात घोकणे हा विद्येचा मार्ग न राहता भाषेवर मात करण्याची युक्ती झाला. ‘नापास’ हा शब्द तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘नापसंत’, ‘नालायक’ यांतील फारसी ‘ना’ हा उपसर्ग इंग्रजी ‘पास’ला जोडून तो घडला. कचेरीच्या जुन्या भाषेने नव्या परीक्षेला दिलेला हा शब्द ‘अनुत्तीर्ण’पेक्षा अधिक रुळला, कारण अपयशाचा अनुभव घरोघर पोहोचला होता. ‘नॉन-मॅट्रिक’ ही तर अपयशाचीच पदवी झाली. जे मिळाले नाही त्यावरून माणसाची ओळख सांगण्याची ही रीत त्या परीक्षेचे वजन दाखविते.

४

तथापि, असमाधानाचे सर्व कारण माध्यमात शोधणे चुकीचे ठरेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवले. ज्या वर्गांना विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच या पद्धतीने उत्तेजन मिळते, असा त्यांचा आक्षेप होता. शाळेत कोण बसू शकतो हा प्रश्न शाळेत काय कळते या प्रश्नाच्या आधीचा होय. डॉ. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु ते शिकविण्यास नकार मिळाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच काळात संस्कृतातील गुणांसाठी मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांना जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची मानाची शिष्यवृत्ती मिळत असे. एका विद्यार्थ्याच्या समाधानाचा जो कळस होता त्याची पहिली पायरीही दुसऱ्याला बंद होती. येथे अडसर भाषेचा नव्हता. भाषा कोणाची मानावयाची याचा होता.

सातारा जिल्ह्यातील प्रयोगही याच दृष्टीने पाहावा लागतो. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वतः श्रम करीत व शिकत. १९४० मध्ये संस्थेची पहिली माध्यमिक शाळा साताऱ्यात निघाली. अभ्यासक्रम इतर शाळांचाच होता. पण शाळेत आपल्याला जागा आहे ही खात्री मुलाला वसतिगृहाने दिली. समाधानाचा हा घटक अभ्यासक्रमाच्या कागदावर उमटत नाही.

५

मातृभाषेचा प्रयोग प्रथम नेटाने झाला तो स्त्रीशिक्षणात. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा विषय, असे त्याचे धोरण होते. सरकारी मान्यता नसलेली ही पदवी नोकरीच्या बाजारात दीर्घकाळ उणी पडली. समजण्याचे समाधान उपयोगाच्या समाधानाशिवाय किती एकाकी पडते, याचे हे उदाहरण आहे.

मराठवाड्यातील मुलाची अडचण निराळी होती. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच माध्यम स्वीकारले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या मुलांना ती देशी भाषाही शिकूनच घ्यावी लागे. भाषा देशी असणे आणि विद्यार्थ्याची असणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात माध्यमिक शाळांतून मराठीचा वापर वाढत गेला. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली आणि शाळेची अखेरची परीक्षा विश्वविद्यालयाकडून वेगळ्या मंडळाकडे आली. १९५३ मध्ये सादर झालेल्या मुदलियार आयोगाच्या अहवालाने माध्यमिक शिक्षण पुस्तकी आहे, जीवनापासून तुटलेले आहे आणि परीक्षेने ग्रासलेले आहे, असा निर्वाळा दिला. माध्यम बदलले तरी घोकंपट्टी उरली, हा त्याचा अर्थ होय. पहिली अट पुरी होऊ लागली. दुसरीचे स्वरूप तसेच राहिले.

६

तिसऱ्या अटीचा निकाल पुढील काळाने दिला. महाविद्यालयात विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी इंग्रजीतूनच राहिली. मराठीत समजून घेतलेले पुढे इंग्रजीत पुन्हा शिकावे लागले. २००० मध्ये महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. अनेक शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारी ‘सेमी-इंग्रजी’ची वाट धरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला. म्हणजे जेथे माध्यमिक शाळेचा प्रश्न सुरू होतो तेथेच हा पुरस्कार सैल होतो. वुड यांच्या खलित्यातील वाटणी अद्याप पुरती पुसलेली नाही.

पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतात तेव्हा ते भाषेचा द्रोह करीत नाहीत. ते दोन शिड्यांपैकी अधिक उंच जाणारी निवडतात. एकोणिसाव्या शतकातील मुलापुढची निवडही तीच होती. फरक इतकाच की, त्या काळी मोजक्या मुलांना पेच पडे, आज तो जवळजवळ प्रत्येक घरात पडतो. मराठी शाळा चांगली असावी, ही मागणी म्हणूनच अपुरी आहे. मराठीतून समजून घेतलेल्या विद्येला शाळेच्या पलीकडे, महाविद्यालयात आणि व्यवसायात, किंमत मिळेल अशी व्यवस्था जोवर होत नाही, तोवर विद्यार्थ्याला समजण्याचे सुख आणि उपयोगाची खात्री यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल. या निवडीतून आलेल्या समाधानाला पूर्ण समाधान म्हणता येणार नाही.