एका पानाचा हिशेब

संध्याकाळ झाली की पायांवर सूज चढते. घोट्याजवळ अंगठ्याने दाबले तर खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. रात्री आडवे झाले की जीव घाबरा होतो, म्हणून उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्याच झोपावे लागते. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध माणसाला या अवस्थेत आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आज डॉक्टर अशा रुग्णाची छाती स्टेथोस्कोपने तपासतात, ईसीजी काढतात, इकोकार्डिओग्रामच्या पडद्यावर हृदयाची हालचाल पाहतात आणि सांगतात, की हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडते आहे. यालाच ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. नाव भीतिदायक असले तरी हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही. पंप चालू असतो, पण शरीराच्या गरजेइतके रक्त तो पुढे पाठवू शकत नाही. मागे तुंबलेल्या रक्तातले पाणी फुफ्फुसांत आणि पायांत झिरपते. त्यात मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात आणि सूज वाढतच जाते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये यांपैकी एकही साधन नव्हते. लेनेकचा स्टेथोस्कोप १८१६ सालचा, तर ईसीजी थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. डॉक्टरांना दिसत असे ती फक्त सूज. त्या सुजेलाच ते रोग समजत आणि तिला ‘ड्रॉप्सी’ म्हणत. सूज हृदयामुळे आली, मूत्रपिंडामुळे की यकृतामुळे, हा फरक करणे फार अवघड होते. अशा काळात एका डॉक्टराने हृदयावर चालणारे एक औषध वापरात आणले, तेही आपण मुख्यतः हृदयावर उपचार करत आहोत याची पुरती कल्पना नसताना. हे कसे घडले, ते आपण पाहू.

म्हाताऱ्या बाईचे गुपित

विल्यम विदरिंग यांचा जन्म १७४१ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी आधी स्टॅफर्ड या लहान गावी आणि १७७५ पासून बर्मिंगहॅम येथे व्यवसाय केला. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा अभ्यास मोठा होता. ब्रिटनमधील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. बर्मिंगहॅमच्या ‘ल्युनर सोसायटी’चे ते सभासद होते. जेम्स वॉट आणि जोसेफ प्रीस्टले यांच्यासारखी माणसे या मंडळात होती. परतताना चांदण्यात वाट दिसावी म्हणून ही मंडळी पौर्णिमेच्या सुमारास जमत, त्यावरून मंडळाला हे नाव पडले.

१७७५ मध्ये विदरिंग यांना एका घरगुती औषधाबद्दल मत विचारण्यात आले. श्रॉपशायरमधील एक म्हातारी बाई ते औषध देत असे आणि त्याची कृती गुप्त ठेवत असे. नामांकित डॉक्टरांनी हात टेकलेल्या सुजेच्या रोग्यांनाही तिच्या औषधाने कधीकधी गुण येई. औषध घेतल्यावर रोग्याला जोराच्या उलट्या आणि जुलाब होत. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. विदरिंग यांनी यादी पाहिली. वनस्पतींची जाण असल्यामुळे यांतली खरे काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच असणार, हे त्यांच्या लक्षात आले.

फॉक्सग्लोव्ह ही युरोपात रानोमाळ उगवणारी, जांभळ्या घंटांसारख्या फुलांची वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात जे अंगुस्तान घालतात, तसा या फुलांचा आकार असतो. जर्मन भाषेत तिला अंगुस्तानच म्हणतात. म्हणून फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ मध्ये बोट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिला हे नाव दिले. ती विषारी आहे हेही लोकांना ठाऊक होते.

पुढच्या काळात या म्हाताऱ्या बाईला ‘मदर हटन’ असे नाव मिळाले. विदरिंग तिच्या दारात उभे राहून औषध विकत घेत आहेत, असे चित्रही निघाले. अनेक पुस्तकांत हे नाव खरे म्हणून छापले गेले. पण विदरिंग यांच्या लिखाणात ते कुठेच नाही. एका अमेरिकन औषध कंपनीच्या १९२८ सालच्या जाहिरातीतून ते आले, हे पुढे १९८५ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाने शोधून काढले. त्या बाईचे खरे नाव इतिहासात उरलेले नाही. तिला काय ठाऊक होते, याची नोंद मात्र विदरिंग यांनी प्रामाणिकपणे करून ठेवली.

किती द्यायचे आणि कधी थांबायचे

वनस्पती ओळखली म्हणजे औषध मिळाले असे होत नाही. विदरिंग यांनीच सांगितलेली एक हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. यॉर्कशायरचा एक फिरता व्यापारी त्यांना अतिशय वाईट स्थितीत आढळला. उलट्या थांबत नव्हत्या, डोळ्यांना धूसर दिसत होते आणि नाडी मिनिटाला चाळीसवर उतरली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच्या दम्यावर उपाय म्हणून बायकोने फॉक्सग्लोव्हची मूठभर ओली पाने पाण्यात शिजवून ते पाणी त्याला एका दमात पाजले होते. तो थोडक्यात वाचला. बायकोला औषध माहीत होते, पण मात्रा माहीत नव्हती.

हे मात्रेचे कोडे सोडवण्यासाठी विदरिंग यांनी दहा वर्षे घालवली. सुरुवातीला त्यांच्याही हातून चुका झाल्या. आपण आधी फार मोठ्या मात्रा दिल्या आणि त्या फार लवकर लवकर दिल्या, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. काढा उकळून दिला तर त्याची ताकद दर वेळी सारखी राहात नाही, असे त्यांना दिसले. पानांचा गुण ऋतूप्रमाणे बदलतो, हेही दिसले. म्हणून झाड फुलण्याच्या सुमारासच पाने तोडायची, देठ आणि मधली शीर काढून टाकायची, उरलेला भाग वाळवून त्याची पूड करायची, अशी पद्धत त्यांनी ठरवली. मोठ्या माणसाला ही पूड एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजेच आपल्या जुन्या मापाने अर्धी ते दीड गुंज. कुठे मूठभर ओली पाने आणि कुठे ही गुंजेची मात्रा!

त्याहून महत्त्वाचा होता त्यांचा थांबण्याचा नियम. लघवी मोकळी होऊ लागली, मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली किंवा पोट बिघडले, यांपैकी काहीही दिसले की औषध बंद करायचे. मात्रा जास्त झाली तर काय होते, याची त्यांनी केलेली यादी आजही डॉक्टरांना ओळखीची वाटेल. उलट्या, जुलाब, चक्कर, वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे, थंड घाम, झटके, मूर्च्छा आणि मृत्यू.

१७८५ साली त्यांनी फॉक्सग्लोव्हवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती वर्षावार दिल्या आहेत. आमच्या मते या पुस्तकाचे मोठेपण एका गोष्टीत आहे. ज्यांना गुण आला त्यांच्याबरोबर ज्यांना आला नाही, ज्यांना त्रास झाला आणि जे दगावले, त्यांच्याही हकिकती त्यात आहेत. निवडक यशस्वी रुग्ण छापले असते तर औषधाची बाजू भक्कम दिसली असती आणि डॉक्टरांचे नावही झाले असते. पण ते सत्याशी आणि विज्ञानाशी इमान राखणारे ठरले नसते, अशी त्यांची भूमिका होती.

पुस्तकाची घाई करण्याला एक कारणही होते. डॉक्टर इरॅस्मस डार्विन हे उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. फॉक्सग्लोव्हचा उपयोग त्यांनी विदरिंग यांच्याबरोबर रुग्ण पाहताना अनुभवला होता. तरी आपल्या लेखनात त्यांनी विदरिंग यांचे नाव घेतले नाही. दोघांचे संबंध त्यावरून बिघडले. पण विदरिंग यांना श्रेयापेक्षा दुसरी काळजी अधिक होती. औषधाची कीर्ती पसरत होती आणि मात्रेचे ज्ञान तिच्यामागून सावकाश येत होते.

हृदयाकडे बोट दाखवणारी नोंद

विदरिंग फॉक्सग्लोव्हला मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे औषध मानत. तरी त्यांच्या नोंदींनी त्यांना पुढे नेले. ज्यांची नाडी अशक्त किंवा अडखळत चालणारी आहे आणि त्वचा फिकट व थंड आहे, त्यांना हे औषध लागू पडते. ज्यांची नाडी जोरकस आणि ताठ आहे, त्यांना सहसा पडत नाही. हृदयाच्या गतीवर या औषधाची जेवढी सत्ता चालते तेवढी दुसऱ्या कोणत्याही औषधाची आढळलेली नाही, असेही त्यांनी नोंदवले.

अडखळत चालणाऱ्या नाडीचा अर्थ लागायला सव्वाशे वर्षे जावी लागली. दरम्यान विदरिंग यांची भीती खरी ठरली. क्षयापासून वेडापर्यंत वाटेल त्या रोगावर, वाटेल त्या मात्रेत डिजिटॅलिस दिले जाऊ लागले आणि औषध बदनाम झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स मॅकेन्झी यांनी नाडीचे आलेख काढून या औषधाचा अभ्यास केला. १९०९ च्या सुमारास थॉमस ल्युइस यांनी ईसीजीच्या मदतीने दाखवून दिले, की पूर्णपणे अनियमित नाडीमागे अलिंदांची थरथर असते. हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात आणि खालच्या निलयांकडे वेडेवाकडे संदेश धाडतात. निलये इतकी घाईने धडधडतात, की त्यांना रक्ताने भरायलाच वेळ मिळत नाही. डिजिटॅलिस या संदेशांची वाट थोडी अडवते. ठोके मंदावतात, निलये नीट भरतात आणि रक्त पुढे जाते. मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळाले की लघवी वाढते आणि सूज ओसरते. विदरिंग यांना दिसलेली लघवी हा परिणाम होता. त्याचे कारण छातीत होते.

डिजिटॅलिसचे दुसरे काम हृदयाच्या पेशीत चालते. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डिजिटॅलिस यांतले काही पंप बंद पाडते. पेशीत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाण्याचे प्रमाण घटते आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. मात्रा वाढली, की हेच कॅल्शियम हृदयाची लय बिघडवते. गुण आणि विष एकाच यंत्रणेतून येतात, म्हणूनच दोन्हींमधले अंतर इतके थोडे आहे.

१९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिसच्या दुसऱ्या एका जातीच्या पानांतून डिगॉक्सिन हा शुद्ध पदार्थ वेगळा केला. पाने तोडण्याच्या हंगामाची अडचण संपली आणि पाव मिलिग्रॅमची गोळी हातात आली. तिचा खरा हिशेब मात्र १९९७ मध्ये मांडला गेला. हार्ट फेल्युअर असलेल्या, पण नाडी नियमित असलेल्या ६,८०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना डिगॉक्सिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. मृत्यूंचे एकूण प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. आजार वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र डिगॉक्सिनच्या गटात कमी होते. आज हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवणारी इतर औषधे आहेत. डिगॉक्सिन निवडक रुग्णांना, आणि तेही लहान मात्रेत दिले जाते.

वर्गासाठी

फॉक्सग्लोव्ह आपल्या अंगणात नसली तरी तिच्यासारखे काम करणारे विष आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांत याच गटातले, हृदयाच्या त्याच पंपावर चालणारे पदार्थ असतात. बिट्टीच्या बियांनी मुले खेळतात. बी पोटात गेले तर ते जिवावर बेतू शकते, आणि अशा वेळी घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठायचे असते, हे त्यांना सांगायलाच हवे.

एक प्रयोग वर्गात सहज होईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपली नाडी बसून आणि थोडे धावून आल्यावर पूर्ण एक मिनिट मोजावी आणि वहीत लिहावी. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तरी खोडायचा नाही. विदरिंग यांच्याकडेही घड्याळ, वही आणि रुग्णाच्या मनगटावर ठेवलेली बोटे याहून फारसे काही नव्हते.

मग कोणी विद्यार्थी म्हणेल, की आमच्या गावात अमुक मुळीने तमुक आजार हमखास बरा होतो. त्याला हसू नये. त्या म्हाताऱ्या बाईच्या औषधातही खरेपणा होताच. त्याला एवढेच विचारावे, की मुळी किती जणांना दिली, किती दिली, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची नावे कोणाच्या वहीत आहेत?